दारातलं वाळकं डाळिंब

आमच्या दारात एक डाळिंब होतं आणि ते मेलेलं होतं. माझ्या लग्नाची गोष्ट सांगायची तर सुरुवात तिथूनच करावी लागते. माझा मुलगा म्हणतो, "आप्पा, आधी जन्म कुठं झाला, शाळा कुठली, ते लिहा. लोक तसंच लिहितात." मी म्हटलं, जन्म सगळ्यांचाच होतो, त्यात सांगण्यासारखं काय? आणि शाळा सातवीत सुटली. मी तिला सोडलं नाही, तिनंच मला सोडलं. राहिलं हे डाळिंब. ते अजून दारात आहे. माझी बायको हौसा मात्र नाही. तिला जाऊन वर्ष व्हायचंय. ही गोष्ट जेवढी माझी तेवढीच तिची, म्हणून ती आधी उतरवून काढतो. पुढं डोळे साथ देतील का नाही कुणी सांगावं.

घर म्हणजे पुढं कारखाना आणि मागं स्वयंपाक. कारखाना आपला म्हणायचा, होतं पत्र्याचं छप्पर. आबा, म्हणजे माझे वडील, सुतार. खेड्यातली माणसं गाडीची चाकं, कुळव, पाभरी घेऊन यायची, पेठेतली माणसं दारं, खिडक्या, पाट, देव्हारे करायला टाकायची. बाभळीवर तासायचा वाकस पडला की ठाक्क ठाक्क, सागावर रंधा चालला की झोपलेल्या माणसानं सुस्कारा टाकावा तसा लांब आवाज. आवाजावरून मी मागच्या खोलीत बसून सांगायचो, आज आबा कुठल्या लाकडावर आहेत आणि मनानं कसे आहेत. पलीकडं तालीम. पहाटेपासून पोरांचं हुं हुं आणि वस्तादाच्या शिव्या. समोर म्हशींचा गोठा. संध्याकाळी तिथं लोक तांब्या घेऊन उभे, धार काढली की तिथंच दूध पिऊन मिशा पुसत पुढं.

आई गेली तेव्हा मला मिसरूडही धड फुटलं नव्हतं. तिच्यामागं घर सांभाळायला आबांची विधवा बहीण आली, आमची आत्ती. आत्तीचा आवाज तालमीच्या वस्तादाला ऐकू जायचा आणि वस्ताद त्याला भ्यायचा. हाताला चव मात्र होती. भाकरी, मेथीची भाजी, ठेचा, वर ताकातल्या कण्या. रविवारी मटण. त्या दिवशी कारखान्यात लाकूड चिकटवायच्या सरसाचा डबा तापवायचा नाही असा तिचा हुकूम. "सरसाच्या वासानं माझ्या रश्श्याचा वास मरतोय," म्हणायची. आबा निमूटपणे त्या दिवशी खिळ्यांची कामं काढायचे.

आता डाळिंब. ते आईनं लावलेलं, दाराच्या उजव्या हाताला, भांडी घासायच्या दगडाशेजारी. कमरेपेक्षा थोडं उंच, पिळदार बुंधा, दोन फांद्या दोन हातांसारख्या. आईचे गुडघे धरलेले असायचे. भांडी घासून झाली की ती खालच्या फांदीला हात घालून उठायची. रोज तिथंच हात. त्या जागची साल केव्हाच गेली होती आणि आतलं लाकूड वाकसाच्या जुन्या दांड्यासारखं गुळगुळीत, पिवळसर झालं होतं. अवजाराच्या दांड्याला तसं पॉलिश यायला सुताराचं अर्धं आयुष्य जातं. कानस मारून ते येत नाही, पॉलिश पेपरनं येत नाही. हातानंच येतं.

आई गेली आणि पुढच्या उन्हाळ्यात डाळिंब वाळलं. आत्ती सगळ्यांना सांगायची, "मालकिणीच्या मागं गेलं बघा झाड." लोक हळहळायचे. मला विचाराल तर आई होती तोवर त्याला भांड्यांचं पाणी मिळत होतं, आत्तीनं भांडी मागं न्हाणीत घासायला घेतली आणि ते तहानेनं मेलं. पण हे आत्तीला सांगायची छाती कुणाची?

मेलं तरी आबांनी ते काढलं नाही. काम संपलं की टोपी काढून त्या गुळगुळीत जागेवर अडकवायचे, हातपाय धुवायचे आणि मग आत यायचे. मी एकदा म्हटलं, "आबा, काढू काय ते? जळणाला हुईल." त्यांनी नुसतं बघितलं. आबा बोलायचे कमी. पण त्यांनी बघितलं की बोललेलं बरं वाटायचं.

मग माझ्या लग्नाचं निघालं. आत्तीनं स्थळं बघायचा सपाटा लावला. पावणं घर बघायला यायचे, आमच्याकडं तशी पद्धत, आणि दारातलं ते वाळकं झाड बघून एकमेकांना कोपर मारायचे. दारात वाळकं झाड म्हणजे घराला लागलेली वाळवी, असं लोक मानायचे. चहा पिऊन "कळवतो" म्हणून जायचे आणि कुणी काय कळवायचं नाही. मला त्याचं काही वाटायचं नाही. खरं तर बरंच वाटायचं. बरं वाटेनासं झालं ते नेसरीला जाऊन आल्यावर.

नेसरीचे तातोबा हेही सुतारच, थोडी शेती राखून असलेले. त्यांची थोरली मुलगी हौसा. आबा, आत्ती आणि मी एस.टी.नं गेलतो. सोप्यात बसलो. पोरगी आली, पोहे ठेवले आणि पाटावर बसली. आत्तीनं तोफ डागली, "भाकरी येती काय गं?"

"येती की."

"फुगती काय?"

"पीठ चांगलं असंल तर फुगती."

आत्तीला असलं उत्तर त्याआधी कुणी दिलं नव्हतं. तातोबा मग मला म्हणाले, "पावणं, तुमाला काय इचारायचं असंल तर इचारा." मला विचारायचं सुचेना. खाली बघितलं तर ती बसलेला पाट डुगडुगत होता. तोंडातून गेलं, "ह्यो पाट कुणी केलाय? एक पाय आखूड हाय."

आबांनी माझ्याकडं बघितलं. हौसानं मान वर केली, म्हणाली, "मी केलाय. बाबांनी एकच करू दिला. तुमचा पयला पाट डुगडुगत न्हवता व्हय?"

यावर आत्ती फिस्सकन हसली आणि सोप्याच्या पत्र्याला आवाज गेला, "डुगडुगत न्हवता? अगं अजून डुगडुगतोय! चुलीपुढं घेऊन बसती मी!"

परत येताना एस.टी.त मी खिडकीला डोकं लावून बसलो होतो. कागलला गाडी थांबली. तिथं भडंगाची पुडी घेतली आणि आबा म्हणाले, "पोरगी चांगली हाय." आबांच्या तोंडून एवढं म्हणजे भाषण.

मग तातोबा भाऊबंद घेऊन घर बघायला आले. आत्तीनं तांबडा-पांढरा दोन्ही केला होता. पावणं दारात थबकले, झाड बघितलं, कोपरं मारून झाली. पण रश्श्याच्या वासानं आत आले. जेवले म्हणजे काय, भगुणं पुसून घेतलं. मी मनात म्हटलं, जमलं. हात धुऊन तातोबा दारात उभे राहिले आणि म्हणाले, "जेवान झ्याक. पोरगा कामाचा हाय. पण दारात मढं उभं केलंय न्हवं तुमी, त्ये आदी काडा. त्येच्याशिवाय सुपारी फुटायची न्हाय."

आबा म्हणाले, "झाड निघायचं न्हाय."

"मग सुपारीबी न्हाय."

"न्हाई तर न्हाई."

झालं. दोघंही सुतार. एकदा खिळा ठोकला की डोकं कापलं तरी बाहेर येत नाही. तातोबा जाताना एवढंच बोलले, "जोतिबाची यात्रा झाली की आमी दुसरीकडं बघणार. तवर इचार करा." गेले स्टँडवर. आत्तीनं भांडी आपटायला सुरुवात केली ती तीन गल्ल्यांना कळेपर्यंत.

मी काय करणार होतो? आबांना "आईचं झाड तोडा" म्हणायला जीभ उचलत नव्हती. आणि हौसाला सोडायचं म्हटलं तर डोळ्यांपुढं डुगडुगता पाट यायचा. जेवण जाईना. माझं जेवण जाईना म्हणजे काय, तर चार भाकरीच्या जागी तीन. आत्तीच्या लक्षात यायला तेवढं पुरं.

अशात एक दिवस उस्मानचाचा आले. चाचांची रोपांची नर्सरी रंकाळ्याच्या बाजूला. तरुणपणी ते मुंबईला एका पारशीणबाईंच्या बंगल्यावर माळी होते आणि तिथं कुंडीत बुटकी झाडं करायची विद्या शिकून आले होते. वडाचं झाड परातीएवढ्या थाळीत. गल्लीतली पोरं त्यांना चिडवायची, "चाचा, झाडाला उपाशी ठेवता काय?" ते म्हणायचे, "तुझ्या बापानं तुला जरा ठेवला असता तर तूबी देखणा झाला असतास." झाडांची लाकडी खोकी ते आबांकडं करून घ्यायचे. त्या दिवशी खोकी बाजूला ठेवून ते डाळिंबापुढं उकिडवे बसले आणि बुंध्यावरून हात फिरवायला लागले, म्हैस विकत घ्यायची असावी तसा.

"सुतार," ते आबांना म्हणाले, "ह्ये काडू नकोस."

"काडत न्हाईच," आबा म्हणाले.

"आणि असं ठेवूबी नकोस. पोरगं झुरतंय. ह्येच्या पाठीला खोबण पाडू या. त्यात डाळिंबाचं कवळं रोप बसवायचं. रोप वाडलं की लाकडाला धरतंय, लाकूड रोपाला धरतंय. धा-पंधरा वर्सांनी कुणी वळखत न्हाय कुठलं मेलेलं आणि कुठलं जित्तं."

आत्ती आतून ओरडली, "ही तर लबाडी झाली!"

"मुंबईची बाईबी तेच म्हणायची," चाचा हसले. "मी म्हणायचो, बाईसाब, लबाडी कवा? सांगितलं न्हाय तर. आपण तर सांगून करणार हाय."

आता नातू मला मोबाईलवर चित्रं दाखवतो. जपानातली माणसं असली झाडं करतात, त्याला नाव आहे, त्यावर भांडणं आहेत, कुणी म्हणतं कला, कुणी म्हणतं फसवणूक. मी त्याला म्हटलं, हे भांडण तुझ्या आज्याच्या दारात तुझ्या खापरपणजोबाच्या बहिणीनं आधीच केलंय. तो म्हणाला, "खापरपणजोबा नव्हे, पणजोबा." असू दे.

आबांनी झाडाकडं बघितलं. मग म्हणाले, "करवत लागता कामा न्हाय. आणि त्या फांदीला हात लावायचा न्हाय." फांदी कुठली ते चाचांनी विचारलं नाही. टोपी तिथंच अडकवलेली होती.

झाड मुळासकट वर काढलं. मेलेलीच मुळं, अलगद आली. खालचा कुजका भाग मी पटाशीनं खरवडला, तळ जाळून काळा केला आणि वर डांबर दिलं, जसं आपण जमिनीत पुरायच्या खांबाला देतो. म्हशींची पाणी प्यायची एक जुनी दगडी डोणी गोठ्यात पडून होती, त्याच जागी झाड उभं करायला तिला तळाशी भोकं पाडली. मग चाचा म्हणाले, लाकूड टिकवायचं तर चुना आणि गंधक एकत्र उकळून ते पाणी चढवायला पाहिजे, किडा लागत नाही आणि लाकूड हाडासारखं पांढरं पडतं. अंगणात तीन दगडांवर आत्तीचं जुनं पातेलं चढवलं. आत्तीला विचारलं नव्हतं.

तो वास सांगायचा तरी कसा. नासकी अंडी म्हटलं तर अंड्यांचा अपमान होईल. आधी म्हशी ओरडायला लागल्या. मग तालमीतनं पोरं लंगोटावर बाहेर पळाली. तालमीतल्या पोरांना अंड्यांचा खुराक, त्यामुळं वस्तादाचा संशय भलतीकडंच गेला. त्यानं एका दांडग्या पोराला सगळ्यांपुढं कानफटात दिली, "नासकी अंडी कुणी खाल्ली रं भाड्या?" ते पोरगं शेवटपर्यंत सांगत होतं, "वस्ताद, मी न्हवं." पुढं ते चांगलं नावाजलेलं पैलवान झालं आणि भेटलं की मला म्हणायचं, "गुंड्या, तुझ्या लग्नाची पयली थप्पड मी खाल्लीया." आत्तीनं ते पातेलं पुन्हा स्वयंपाकात घेतलं नाही. रविवारी मात्र सरसाबद्दल बोलायची ती बंद झाली.

चुना-गंधकाचं पाणी चढवायच्या आधी आबांनी आपल्या जुन्या धोतराचा तुकडा त्या गुळगुळीत जागेवर गुंडाळला आणि गाठ मारली. सगळं लाकूड पांढरं झालं, तेवढी वीतभर जागा पिवळी राहिली.

आता खोबण. इथं मी सुताराचा पोर म्हणून छाती काढली. चाचांनी नर्सरीतलं करंगळीएवढं रोप आणून दिलं आणि सांगितलं, मी उद्या येतो. मी म्हटलं, उद्याची वाट कशाला? आमच्या धंद्यात सांध्यात केस गेला तर बाप तोंडात मारतो. मी पटाशीनं अशी खोबण कोरली की आरशासारखी. रोप जरा जाड होतं, बसेना. मग जे सुतार करतो तेच मी केलं. पट्टी बसत नसेल तर पट्टी तासायची. धारेच्या चाकूनं रोपाची साल चोहोबाजूंनी सोलून काढली आणि ते खोबणीत असं बसवलं की बोटानं चाचपलं तरी जोड कळू नये. वर पाचरी ठोकल्या. आबांना दाखवलं. आबांनी नख लावून बघितलं, नख जाईना. मान डोलावली. आम्ही दोघं बापलेक त्या संध्याकाळी फार खुशीत जेवलो.

दुसऱ्या दिवशी चाचा आले, बघितलं आणि डोक्याला हात लावून खाली बसले.

"अरे, तासलास?"

"बसंना म्हणून तासलं."

"आणि बापानं बघितलं न्हाय?"

"बघितलं की. नख बी जात न्हाय," आबा म्हणाले.

"या खुदा, बापबी सुतारच!" चाचा म्हणाले. "अरे झाड सालीतनं जेवतंय! साल काडली म्हंजी त्येचा गळा कापलास तू. आणि एवढं घट्ट? त्ये काय दाराची चौकट हाय? जित्तं हाय त्ये, फुगणार हाय. त्येला जागा ठेवाय पायजे."

रोप पंधरवड्यात वाळलं. आता दारात एकाच्या जागी दोन मढी झाली.

त्याच सुमारास नेसरीचा एक गाडीवाला चाकाचे आरे बदलायला आला. त्यानं सगळं बघितलं, आत्तीनं उरलेलं सांगितलं, आणि तो ते सगळं गाडीत घालून नेसरीला घेऊन गेला. सुताराच्या पोरानं रोप तासून मारलं ही गोष्ट तिथं पारावर, चक्कीवर, पाणवठ्यावर पोचली असणार. मी म्हटलं, गेलं. असल्या खुळ्याला कोण पोरगी देतंय? जोतिबाची यात्रा जवळ येत होती. मी कारखान्यात पाट करत बसलो होतो आणि माझा एकही पाट सरळ उभा राहीना.

तो गाडीवाला चाक न्यायला परत आला. गाडीतनं त्यानं ओल्या बारदानात गुंडाळलेलं काहीतरी काढून माझ्या हातात दिलं. आत मुळांसकट डाळिंबाचा फुटवा, लांब आणि वाकेल तसा लवचिक.

"कुणी दिलं?"

"तातोबाच्या थोरलीनं. परड्यातल्या झाडाचा हाय. आणि निरोप दिलाय."

"काय?"

तो हसायला लागला. "म्हणली, त्येला सांगा, ह्ये तासायचं न्हवं."

मी कान लाल होईपर्यंत तिथंच उभा. तोवर तिनं माझ्याशी बोललेलं दुसरं वाक्य. पहिलं पाटाचं. दोन्हीत माझीच अक्कल काढलेली. माझ्यासारख्याला याहून गोड काही ऐकू आलं नसतं.

या वेळी चाचा येईपर्यंत मी त्याला हात लावला नाही. खोबण मोठी केली, तोंडाशी अरुंद आणि आत ऐसपैस. सुताराच्या हातांना ते काम फार अवघड. चांगली खोबण मुद्दाम बिघडवल्यासारखं वाटायचं. फुटवा सालीसकट आत निजवला. पाचर नाही, खिळा नाही. आबांच्या धोतराच्या चिंध्या सैलसर बांधल्या. डोणीत पोयटा, शेणखत, वाळू. आणि मग चाचांनी सगळ्यात अवघड काम सांगितलं, "आता काय करायचं न्हाय."

पाणी घालायचं आणि बघायचं. आत्तीनं कुणी न सांगता भांडी पुन्हा पुढच्या दगडावर घासायला घेतली, शेवटचं साधं विसळलेलं पाणी डोणीत ओतायची आणि कुणाकडं बघायची नाही. आधी फुटव्याची होती ती पानं गळली. मी सकाळी उठलो की आधी तिथं. कांडी नखानं खरवडून बघावी वाटायची, आत हिरवं आहे का. चाचा ओरडायचे, "खरवडलास तर हात तोडीन." मग एके दिवशी, पाडव्याच्या आसपास, कांडीवर टाचणीच्या टोकाएवढे तांबडे ठिपके दिसले. डाळिंबाची कोवळी पालवी तांबूस असते. मी आबांना हाक मारली. आबा रंधा हातात घेऊनच आले, बघितलं, आणि धोतराची ती जुनी गाठ त्या फांदीवरनं सोडवली. टोपी काढून तिथं अडकवली. भरदुपारी.

तातोबा यात्रेच्या आधी आले, एकटेच, काय ते तोंडावर सांगून मोकळं व्हायला. दारात थांबले. पांढरं लाकूड, त्याच्या पाठीतनं वर आलेली बारीक कांडी आणि तिच्यावर तांबूस-हिरवी पानं.

"वाळक्याला हिरवं चिकटवलं म्हंजी जित्तं झालं व्हय?" ते म्हणाले.

आबा कारखान्यातनं बाहेर आले. "तातोबा, लाकूड मेलेलंच हाय. आमी कुटं जित्तं म्हणतोय? पर त्येच्या आधारानं दुसरं उभं ऱ्हातंय. तेवडं बघा." आबांना एवढं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. आत्तीनंही आतून भांडं आपटायचं थांबवलं.

तातोबा खाली बसले. शेवटी सुतारच तो. सांधा दिसला की हात राहत नाही. खोबणीवरून अंगठा फिरवला आणि त्यांचा चेहरा बदलला. सांध्यात त्यांचं नख गेलं. नख काय, अख्खं बोट गेलं.

"ह्यो सांधा?" ते माझ्याकडं वळले. "सुताराच्या पोटचा हाईस आणि सांध्यात बोट जातंय?"

आत्तीनं आत पदर तोंडाला लावला असणार. मी म्हटलं, "बोट जायाच पायजे, मामा. त्येला फुगायचं हाय. जागा ठेवलीया."

"कुणी शिकवलं?"

मला सांगायचं नव्हतं. पण चाचांनी म्हटलं होतं, सांगितलं नाही तर लबाडी. "जागा ठेवायची चाचांनी सांगितली. तासायचं न्हाय ते तुमच्या हौसानं."

"आमच्या हौसानं? ती कुटं भेटली तुला?"

"भेटली न्हाय. फुटवा तिनंच धाडला. गाडीवाल्याच्या हातनं. निरोपासकट."

तातोबा डाळिंबाकडं बघत राहिले. हळूहळू त्यांच्या ध्यानात येत होतं. आपल्याच परड्यातला फुटवा, ओलं बारदान, आणि त्या दिवशी बायको उगाच चक्कीवर पाठवत होती ते. "म्हंजी," ते म्हणाले, "हिची आईबी ह्यात हाय. समद्या घरात ठरलंय. गाडीवाल्याला म्हाईत, गावाला म्हाईत, फकस्त मी तेवडा सुपारी खिशात घेऊन हिंडतोय!"

मग तातोबांनी खरोखरच खिशात हात घातला. सुपारी होती. घरून निघतानाच कुणीतरी घातली असणार, आणि ते कोण हे त्यांना तिथं उभ्या उभ्या कळलं. ते हसायला लागले ते खाली बसेपर्यंत. सुपारी आबांनी वाकसाच्या मागच्या बाजूनं फोडली. आत्ती आजन्म सांगायची, अडकित्ता घरात असताना वाकसानं फोडली, म्हणून ही दोघं एवढी भांडतात.

भांडलो की. खूप भांडलो. हौसा माझ्यासारखीच तोंडाची फटकळ. कारखान्यात येऊन माझे सांधे तपासायची आणि गिऱ्हाइकापुढं म्हणायची, "जरा अजून तासा, तुमाला तासायची हौस हाय न्हवं." जन्मभर तिनं मला त्या एका रोपावरून ऐकवलं. पाच-सहा वर्षांत खोबणीतली जागा भरली. मग खोडानं लाकडाच्या कडांवर अंग टाकलं, जसं झोपेत माणूस दुसऱ्याची चादर ओढतो. डाळिंबं लहान यायची, आंबटगोड, दाणा गडद. आबा गेले तेव्हा टोपी त्या फांदीवरच होती, हौसानं ती बरेच दिवस काढू दिली नाही. पुढं तिचेही गुडघे धरले. भांडी आत नळाखाली गेली तरी ती सकाळी त्या दगडावर जाऊन बसायची, तांदूळ निवडायला म्हणून, आणि उठताना त्याच जागी हात घालायची. सगळं लाकूड खोडानं गिळलं, तेवढी वीतभर फांदी बाहेर आहे. पांढरी न पडलेली, पिवळी, गुळगुळीत. आधी आईच्या हाताची, मग हौसाच्या.

परवा मुलानं ही पानं वाचली. म्हणाला, "आप्पा, छान आहे, पण लांबलंय. वस्तादाचं, वासाचं, ते जरा कापू या. मी नीट तासून देतो."

मी त्या दगडावर बसलो होतो. फांदीला हात घालून उठलो. हात बरोबर बसतो तिथं, जणू मापानं केल्यासारखा.

म्हटलं, "तुझ्या आईचा निरोप हाय, बाळा. ह्ये तासायचं न्हवं."